कंबर ताठ ठेवू की हलती ठेवू?

कंबर किंवा मान धरून आलेले बरेचसे पेशंट औषधाची चिठ्ठी खिशात घालतात, उठतात आणि दारापाशी गेल्यावर मागे वळून विचारतात, "डॉक्टरसाहेब, बसायचं कसं, ते सांगा नं." त्यांना हवं असलेलं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. पाठ ताठ, छाती पुढे, खांदे मागे, आणि वाकायचं अजिबात नाही. असं सांगितलं की माणूस समाधानाने घरी जातो आणि चार दिवसांत सगळं विसरतो.

मी फिजिशियन आहे, हाडांचा डॉक्टर नव्हे. पण तिवसा तालुक्यात प्रॅक्टिस करायची आणि आठवड्यातून दोन दिवस कौंडण्यपूरला बसायचं म्हटलं की बीपी, शुगर आणि तापाइतकीच कंबरही बघावी लागते. वर्धा नदीच्या अलीकडचे पेशंट येतात, पलीकडचे आर्वी तालुक्यातलेही येतात. कपाशीची वेचणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, फवारणीचा पंप. इथलं जवळजवळ प्रत्येक काम वाकून करायचं. अशा माणसाला "वाकू नका" सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला ओलं होऊ नका सांगण्यासारखं आहे.

"ताठ" हा शब्द आपल्या डोक्यात कुठून बसला, याचा मी बराच विचार केला आहे. शाळेतलं "सावधान", कवायत, आखाडा. आमच्या अमरावतीला तर शरीर कमावण्याची मोठीच परंपरा आहे. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी 1914 साली सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आखाड्यात आणि मैदानावर ती ताठ छाती शोभतेच. पण तिथला पोरगा दोन मिनिटं सावधान उभा राहतो आणि पुढचा तासभर धावतो, उड्या मारतो, वाकतो, लोळतो. आपण त्यातलं फक्त "सावधान" उचललं आणि खुर्चीवर नेऊन बसवलं.

आता शरीराच्या आत काय होतं ते बघू. आपल्या मणक्यांच्या मधे चकत्या असतात. आपल्याकडे त्यांना "गादी" म्हणतात, आणि शब्द चांगला आहे. मोठ्या माणसाच्या या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला पाणी आणि अन्न मिळतं ते आजूबाजूच्या हाडातून झिरपून. भार पडला की थोडं पाणी बाहेर, भार उतरला की पुन्हा आत. म्हणूनच सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपर्यंत एक ते दोन सेंटिमीटर कमी झालेली असते आणि रात्री झोपेत भरून निघते. हलणं हे गादीचं जेवण आहे, असं मी पेशंटला सांगतो. एकाच स्थितीत, मग ती कितीही "बरोबर" असो, तासन्तास राहिलं तर हे आत-बाहेर मंदावतं.

कुठल्या स्थितीत गादीवर किती दाब येतो, हे माणसांवर प्रत्यक्ष मोजलेलं आहे. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त, आणि पुढे वाकून बसल्यावर आणखी जास्त, असं त्यांना दिसलं. पुढची अनेक वर्षं सगळ्या जगात "ताठ बसा" सांगितलं गेलं ते बरंचसं या आकड्यांच्या जोरावर. मग 1999 साली जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून दिवसभर नोंदी घेतल्या. खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षाही कमी आला. एकाच माणसावरचे आकडे आहेत, तेवढ्या बेताने घ्यावेत. पण त्यातले वजन उचलण्याचे आकडे मला फार उपयोगी वाटतात. 20 किलो वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावर दाब 1.1 मेगापास्कल. तेच वजन छातीपासून 60 सेंटिमीटर लांब धरलं तर 1.8. आणि पाठीची कमान करून, वाकून जमिनीवरून उचललं तर 2.3. वजन तेच, माणूस तोच. वजन अंगाजवळ आहे की लांब, यावर सगळा खेळ. कसं बसायचं या चिंतेपेक्षा हे एक लक्षात ठेवलं तर जास्त फायदा होतो.

इथे "गॅप"बद्दलही बोलावं लागेल. "मणक्यात गॅप आला" हे वाक्य ऐकून माणसं अर्धी खचून येतात. हातात एमआरआय असतो, चेहऱ्यावर शिक्षा सुनावल्यासारखा भाव. 2015 साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या लोकांतही 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत 80 टक्क्यांच्या. दुखत कुणाचंच नव्हतं! केस पिकतात तशी गादीही पिकते. रिपोर्टमधल्या शब्दांना घाबरून माणूस हलायचं सोडतो, आणि दुखणं तिथून खरं मुक्कामाला येतं.

मागे एक बाई आल्या होत्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. गाव कौंडण्यपूरजवळचंच. दिवाळी झालेली, वेचणी जोरात. कंबरेतून दुखणं मांडीपर्यंत उतरत होतं. मी तपासलं. पायात ताकद होती, बधिरपणा नव्हता, ताप नव्हता, काळजीचं काही नव्हतं. याआधी कुणीतरी त्यांना तीन आठवडे आराम आणि वाकणं बंद असा सल्ला दिलेला होता. त्या मला म्हणाल्या, "वाकू नोका म्हंता तुमी डॉक्टर लोक, पन कापूस का उभ्यानं हातात येते? मजुरी किलोवर हाये. तीन हप्ते घरी बसली त चुलीवर काय ठेवू?"

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं, म्हणून एका रविवारी मी वावरात गेलो. शेतमालक ओळखीचे, त्यांना गंमत वाटली. तासभर धुऱ्यावर उभा राहून बघितलं आणि बरंच काही दिसलं. कमरेला बांधलेली झोळी पोटावर लोंबते आणि भरत जाते तशी माणसाला पुढे ओढते. वरची बोंडं उभ्याने वेचली जातात, खालच्या बोंडांसाठी कंबर मोडते, गुडघे मात्र सरळच राहतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तासन्तास वाकून काम झालं की लगेच भरलेलं गाठोडं झटक्यात उचलून डोक्यावर घेतलं जातं.

हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं. मणके एकमेकांना बांधून ठेवणारे जे बंध असतात ते बराच वेळ ताणलेले राहिले की सैल पडतात, जुन्या खाटेच्या नवारीसारखे. 20 मिनिटं पूर्ण वाकून बसलेल्या लोकांवर हे मोजलेलं आहे. उठल्यावर पहिल्या दोन मिनिटांत निम्मा सैलपणा जातो, पण थोडा अर्ध्या तासानंतरही शिल्लक असतो. त्या सैल अवस्थेत वजन उचलायचं म्हणजे नाडा न बांधता पळण्यासारखं. म्हणून दोन मिनिटं उभं राहणं, चार पावलं चालणं, पाणी पिणं आणि मगच गाठोड्याला हात लावणं, एवढं जरी झालं तरी पुष्कळ.

मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. झोळी पूर्ण भरू द्यायची नाही, अर्धी झाली की रिकामी करायची. तासाच्या टोकाला पोचलं की सरळ उभं राहून, हात कमरेवर ठेवून, पाच वेळा मागे झुकायचं. खालच्या बोंडासाठी एक पाय पुढे टाकून गुडघा थोडा वाकवायचा आणि मोकळा हात मांडीवर टेकवायचा. पहिली गोष्ट त्यांनी तिथल्या तिथे नाकारली. दर वेळी झोळी रिकामी करायला गाठोड्यापर्यंत जायचं तर वेचणी मागे पडते, आणि त्यांचं खरं होतं. दुसरी त्यांनी घेतली, पण त्यांच्या पद्धतीने. एकटीने उभं राहून मागे झुकायची लाज वाटते म्हणून चौघीजणींनी ठरवलं की तासाचं टोक आलं की एक जण ओरडणार, "उभ्या व्हा वं!" आणि चौघी एकदम उभ्या. मी सांगितलेली गोष्ट आठवड्यात विसरली गेली असती. हाकेमुळे टिकली. झोळीचंही त्यांनी काढलं. ती पोटावरून सरकवून कधी डाव्या, कधी उजव्या कुशीवर घ्यायला लागल्या. हे मी सुचवलेलं नव्हतं.

माघ संपता संपता त्या पुन्हा आल्या, मुलाच्या खोकल्यासाठी. कंबरेचं विचारलं तर म्हणाल्या, "दुखते नं, नायी कशाला म्हनू? पन यंदा एकबी खाडा नायी पडला." मला ते पुरेसं वाटलं.

आराम या औषधाबद्दल इथेच सांगतो. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कंबर धरलेल्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस पूर्ण झोपून आराम, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की जमेल तसं रोजचं काम चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट, आणि सगळ्यात सावकाश पहिला. कंबर धरली की खाटेवर पडायचं ही सवय मी तेव्हापासून पेशंटला सोडायला सांगतो. पहिला दिवस-दोन दिवस कळ फारच असेल तर पडा थोडं; पण घरातल्या घरात उठून फिरत राहा.

हलण्याचा विषय आणि कौंडण्यपूर म्हटलं की वारी आलीच. रुक्मिणीचं हे माहेर, आणि इथून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा 1594 पासून सांगतात, संत सदाराम महाराजांपासूनची. आषाढीच्या महिनाभर आधीच पालखी निघते. निघण्याच्या दिवशी मी थोडं अंतर सोबत चालतो. ज्यांचे एक्स-रे मी स्वतः पाहिले आहेत, आणि ते बघून कुणीही "काही खरं नाही" म्हणेल, अशी सत्तरीची माणसं माझ्या पुढे निघून जातात. अर्थात ज्यांना चालवत नाही ती घरीच थांबलेली असतात, त्यामुळे यावरून फार मोठा सिद्धांत काढू नये. पण चालणाऱ्यांकडे नीट बघा. एका स्थितीत कुणीच राहत नाही. डोक्यावरचं तुळशीवृंदावन एकीकडून दुसरीकडे जातं. मधेच पावली, मधेच फुगडी. विसावा आला की जमिनीवर बसणं, आडवं होणं, पुन्हा उठणं. पालखी खांद्यावर घेणारे तर खांदा दुखेपर्यंत थांबतच नाहीत. आधीच बाजू बदलतात, माणूस बदलतात. खांदेपालट हा शब्द आपण राजकारणाला दिला, पण तो मुळात शरीराचा आहे. माझ्या पेशंटना मी "पोश्चर" शब्द वापरतच नाही, "खांदेपालट करा" म्हणतो, आणि त्यांना लगेच कळतं.

नुसत्या चालण्याचाही पुरावा आता चांगला आहे. 2024 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या 701 लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत. सोबत थोडं समजावून सांगणंही होतं. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण 112 दिवसांत परतलं, चालणाऱ्यांचं 208 दिवसांत. ना पट्टा, ना मशीन. खर्च चपलेचा.

माझं स्वतःचं काम बसून करण्याचं. पन्नाशीनंतर मान आखडायला लागली, उजवीकडे वळून बघताना खांदाही सोबत वळायचा. व्यायाम करायचं ठरवणं सोपं, पण आठवायला कोण बसलंय? म्हणून मी आठवणीवर काही ठेवलं नाही. बीपीचं यंत्र टेबलावरून उचलून समोरच्या भिंतीपाशी ठेवलं. आता प्रत्येक बीपीसाठी मला उठावं लागतं. पाण्याची बाटली खोलीबाहेर. पुढच्या पेशंटला बेल वाजवून न बोलावता स्वतः दारापर्यंत जातो. कंपाउंडरला सुरुवातीला वाटलं साहेब त्याच्यावर रागावले आहेत. मान पूर्वीपेक्षा बरीच मोकळी आहे, आणि दारात उभं राहिलं की पेशंट चालत येतो कसा ते दिसतं. निम्मं निदान तिथेच होतं, हा वरचा फायदा.

तुम्हीही असंच करा. "मी आजपासून नीट बसेन" असा निश्चय दुपारपर्यंतही टिकत नाही. जी गोष्ट रोज होतेच तिला दुसरी जोडा. फोन आला की उभं राहून बोला. टीव्हीवर जाहिरात लागली की उठा. दुकानात बसत असाल तर जास्त खपणारा माल हाताशी न ठेवता चार पावलांवर ठेवा. जेवायला जमिनीवर बसता येत असेल तर ते सोडू नका, जमिनीवरून उठणं हा अख्ख्या शरीराचा व्यायाम आहे. गुडघ्याची झीज असेल त्यांनी मात्र हट्टाने उकिडवं बसू नये. त्यांच्यासाठी खुर्चीतून हात न टेकवता दहा वेळा उठणं-बसणं तेच काम करतं.

बायकांसाठी एक खास गोष्ट. रात्रभर झोपेत गादी पाणी पिऊन फुगलेली असते, त्यामुळे सकाळी उठल्यावरचा पहिला तास वाकण्यासाठी सगळ्यात वाईट. 1998 साली अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या पेशंटना एवढंच शिकवलं की सकाळी लवकरच्या वेळात वाकणं टाळा, तर तेवढ्यानेही दुखणं कमी झालं. आणि आपल्याकडे डोळे उघडले की पहिलं काम काय? अंगण झाडणं, सडा टाकणं! क्रम बदला. आधी चहा ठेवा, उभ्याने होणारी कामं उरका, अंगण मग. आणि फड्याला लांब दांडा लावून घ्या, किंवा तो सासूबाईंना चालत नसेल तर अंगण घरातल्या पुरुषांकडे द्या. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात पुरुषाने झाडू हातात घ्यायला लाजायचं कारण नाही.

वाकायचंच असेल तेव्हा कंबरेतून न मोडता खुब्यातून वाका. शिकायला सोपं आहे. भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि पाठ आहे तशी ठेवून बसकण मागे नेत भिंतीला टेकवा. जमलं की थोडं आणखी पुढे उभे राहून तेच करा. फवारणीचा पंप भरला की पाण्याचेच 15-16 किलो होतात. तो जमिनीवरून पाठीवर घेऊ नका. बैलगाडीवर किंवा ओट्यावर ठेवा, पाठ टेकवून दोन्ही पट्टे एकदम चढवा. मोबाइलबद्दल एवढंच सांगतो: मान वाकवली की 27 किलो भार पडतो असं जे चित्र फिरतं, ते 2014 सालचं संगणकावरचं गणित आहे, कुणाचं दुखणं मोजून काढलेलं नाही. मानेला भ्यायचं कारण नाही, दोन-दोन तास एकाच जागी रील्स बघायला जरूर भ्या.

आता जे सवयीने बरं होणार नाही त्याबद्दल. एक तरुण मुलगा पाच महिने कंबर चोळून घेत होता. "बसायची पद्धत चुकते" असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याला संध्याकाळी कणकण यायची, वजन सहा किलो उतरलं होतं, आणि रात्री झोपेतून दुखण्याने जाग यायची. त्याला मणक्याचा टीबी होता. औषधं वेळेत सुरू झाली, तो आज ट्रॅक्टर चालवतो. आणखी काही महिने गेले असते तर पाय गेले असते. म्हणून ताप, वजन उतरणं, आडवं झाल्यावरही न थांबणारी रात्रीची कळ, आधी झालेला कर्करोग, स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा म्हातारपणी पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर पट्टा आणि मालिश बाजूला ठेवून आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जा. आणि पाऊल उचलता येत नसेल, लघवी अडली किंवा नकळत होत असेल, शौचाच्या जागेभोवती बधिर वाटत असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी करून अमरावतीला न्या.